कोड्याचा नियम अर्धा, उत्तर मात्र एकच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या बालपुरवणीतले ‘पुढची संख्या कोणती?’ हे सदर मी नियमाने वाचते, आणि शाळेतून निवृत्त झाल्यापासून सहावीतल्या माझ्या नातीबरोबर बसून सोडवतेही. त्यातल्या अलीकडच्या एका कोड्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. कोडे असे होते : ०, १, ३, २, ६, पुढे काय? सूचना म्हणून खाली एवढेच दिले होते की, या संख्या द्विमान पद्धतीत लिहून पाहा. प्रत्येक वेळी एकच अंक बदलतो आणि एकदा आलेली संख्या पुन्हा येत नाही. पुढच्या रविवारी ७ हे उत्तर छापून आले. नातीने ४ लिहिले होते. उत्तर पाहताच तिने वहीत आपल्या ४ वर लाल रेघ मारली आणि ती रेघ माझ्या मनाला लागली, कारण तिचे काहीही चुकलेले नव्हते.

द्विमान पद्धतीत अंक दोनच असतात, ० आणि १. आपल्या नेहमीच्या लेखनात उजवीकडून एकक, दशक, शतक अशी स्थाने असतात, तशी येथे १, २, ४, ८, १६ अशी दुप्पट होत जाणारी स्थाने असतात. त्यामुळे ६ म्हणजे ४ अधिक २, आणि ते ११० असे लिहिले जाते. यातला उजवीकडचा अंक पालटला तर १११ म्हणजे ७ मिळतात. मधला पालटला तर १०० म्हणजे ४ मिळतात. डावीकडचा पालटला तर २ येतात, पण ते आधीच येऊन गेलेले असल्यामुळे बाद होतात. शिवाय कोणत्याही संख्येच्या डावीकडे हवी तितकी शून्ये आहेत असे मानता येते, आणि त्यांतले एखादे पालटले तर १४, २२, ३८ अशा संख्या मिळत जातात. दिलेल्या सूचनेत यांपैकी एकीलाही हरकत नाही. थोडक्यात, छापलेल्या कोड्याला अगणित बरोबर उत्तरे होती आणि छापलेले उत्तर त्यांतले एक होते.

कोडे रचणाऱ्यांच्या मनात काय होते हे मला कळते आणि त्यांनी विषय फार सुंदर निवडला आहे, हे आधी सांगितले पाहिजे. त्यांच्या मनातली क्रमिका ०, १, ३, २, ६, ७, ५, ४, १२, १३, १५, १४, १०, ११, ९, ८ अशी जाते आणि ती ग्रे संकेत या नावाने ओळखली जाते. तिचा पूर्ण नियम दोन ओळींत मावतो. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा विषम पावलांना सर्वांत उजवीकडचा अंक पालटायचा. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या अशा सम पावलांना उजवीकडून पाहत जाऊन जो पहिला १ भेटेल, त्याच्या लगेच डावीकडचा अंक पालटायचा. ६ पर्यंत चार पावले झालेली असतात, पाचवे पाऊल विषम असते, म्हणून उजवीकडचा अंक पालटून ७ येतात. या दोन ओळी कोड्याखाली असत्या तर ७ हेच एकमेव उत्तर झाले असते आणि मुलांना नुसता तर्क करण्याऐवजी प्रत्यक्ष चालून पाहता आले असते.

नातीने लावलेला नियम वेगळा होता आणि तोही तितकाच नेटका आहे : एक अंक पालटून ज्या नव्या संख्या मिळू शकतात, त्यांतली सर्वांत लहान घ्यायची. त्याने ०, १, ३, २, ६ ही सुरुवात अगदी तीच येते. पुढे मात्र वाट फुटते आणि ४, ५, ७, १५, ११, ९, ८, १०, १४, १२, १३ असे जाता येते. या नियमानेही पहिल्या सोळा पदांत ० ते १५ या सर्व संख्या प्रत्येकी एकदाच येतात, एकही सुटत नाही; तेथून पुढचे पद २९ आहे. दोन नियम, पाच पदे सारखी आणि सहावे वेगळे. या दोन्ही क्रमिका नील स्लोन यांनी १९६४ साली सुरू केलेल्या पूर्णांक क्रमिकांच्या कोशात स्वतंत्र क्रमांकांनी नोंदलेल्या आहेत. त्या कोशाची रीत अशी की, क्रमिका कशी तयार होते ते वाक्यात सांगितलेले असते. नुसती पदे देऊन वाचकाला ओळखायला लावलेले नसते.

पहिल्या क्रमिकेबद्दल आणखी थोडे लिहिते, कारण एका वेळी एकच अंक पालटण्यात काय मोठेसे, असे एखाद्या पालकाला वाटेल. नेहमीच्या क्रमाने मोजताना ७ वरून ८ वर जायचे झाले तर ०१११ चे १००० होतात, म्हणजे चारही अंक एकदम बदलावे लागतात. कागदावर त्याने काही बिघडत नाही. पण फिरत्या दांड्याचा कोन मोजणाऱ्या उपकरणात एका चकतीवर चार वर्तुळाकार पट्टे असतात आणि चार वाचक एकाच क्षणी त्यांवरचे अंक वाचतात. ७ आणि ८ यांच्या नेमक्या सीमेवर एखाद्या वाचकाने जुना अंक वाचला आणि दुसऱ्याने नवा, तर ० ते १५ यांपैकी कोणतीही संख्या वाचली जाऊ शकते आणि यंत्र भलतीकडे जाऊ शकते. चकतीवर संख्या ग्रे संकेताच्या क्रमाने मांडल्या की शेजारच्या दोन नोंदींत एकच अंक वेगळा असतो. सीमेवर गोंधळ झाला तरी चूक फार तर एका घराची होते. बेल प्रयोगशाळेतील फ्रँक ग्रे यांनी या संकेताच्या पेटंटसाठी १९४७ साली अर्ज केला आणि ते १९५३ साली मंजूर झाले. क्रम मात्र त्याहून जुना आहे. तारेत अडकलेली कडी सोडवण्याचे जे चिनी कोडे आहे, त्याचे गणित लुई ग्रो या फ्रेंच लेखकाने १८७२ साली मांडले, ते याच क्रमाचे आहे.

मराठीच्या तासाला वृत्ते शिकलेल्या कोणालाही हा क्रम आपल्या घरात सापडेल. ‘यमाताराजभानसलगं’ हे सूत्र आपण सर्वांनी घोकले आहे. तीन अक्षरांचे आठ गण, प्रत्येक अक्षर लघु किंवा गुरु. गुरूला ० आणि लघूला १ म्हणावे, पहिल्या अक्षराला १ चे, दुसऱ्याला २ चे आणि तिसऱ्याला ४ चे स्थान द्यावे. मग पिंगलाच्या छंदःशास्त्रातला म, य, र, स, त, ज, भ, न हा गणांचा क्रम म्हणजे सरळ ० ते ७ ही मोजणी ठरते. या क्रमात स गणावरून त गणावर जाताना लघु-लघु-गुरूचे गुरु-गुरु-लघु होते, म्हणजे तिन्ही अक्षरे बदलतात. आता हेच गण म, य, स, र, भ, न, ज, त असे मांडून पाहावेत. प्रत्येक पावलाला एकच अक्षर लघूचे गुरु किंवा गुरूचे लघु होते, आणि शेवटच्या त गणावरून पुन्हा म गणावर यायलाही एकच अक्षर पुरते. वर्तुळ पूर्ण होते. संख्यांत वाचले तर हे ०, १, ३, २, ६, ७, ५, ४ असे आहे, म्हणजे आपल्या पुरवणीतलेच कोडे. मी वर्गात गणितही शिकवले आणि गरज पडली तेव्हा मराठीही, पण ही मांडणी मला त्या कोड्यामुळे सुचली. त्याबद्दल मी सदराची ऋणी आहे.

नियम पूर्ण सांगितला की मूल कुठवर जाऊ शकते, हे गेल्या आठवड्यात मी घरी पाहिले. नातीला मी नवा नियम दिला. सुरुवात २ पासून करायची. संख्या द्विमान पद्धतीत लिहून उजवीकडून एकेक अंक पालटून पाहायचा; एक पालटून मूळ संख्या मिळाली नाही तर तो पूर्ववत करून त्याच्या डावीकडचा पालटायचा, आणि आधी न आलेली मूळ संख्या मिळाली की तीच पुढचे पद. अंक संपले तर डावीकडे शून्य आहे असे मानून ते पालटायचे. अंकांसाठी आम्ही अर्धे केलेले चिंचोके घेतले. पटावर कवड्या नसल्या की पूर्वी असेच चिंचोके टाकत असत : आतली पांढरी बाजू वर आली की १, बाहेरची तपकिरी वर आली की ०.

सुरुवात भराभर झाली. २ वरून ३, ३ वरून ७, ७ वरून ५, तेथून १३, २९, ३१, २३, १९ आणि १७. पाच चिंचोक्यांत दहा पदे झाली आणि १७ वर येऊन ती अडली. १७ म्हणजे १०००१, दोन टोकांना पांढरे आणि मध्ये तीन तपकिरी. पहिला पालटला तर १६. दुसरा पालटला तर १९, ते होऊन गेलेले. तिसरा पालटला तर २१, चौथा पालटला तर २५, आणि पाचवा पालटला तर उरतो १, जो मूळ संख्येत धरत नाहीत. तिने डावीकडे सहावा चिंचोका ठेवला, तो ३२ चा : ४९, साताचा वर्ग. सातवा ६४ चा : ८१, नवाचा वर्ग. आठवा १२८ चा : १४५, पाचाने भाग जातो. नववा २५६ चा : २७३, तिनाने भाग जातो. दहावा ५१२ चा ठेवून ५२९ आले तेव्हा तिला वाटले की आता सापडली, पण ५२९ म्हणजे तेविसाचा वर्ग. चिंचोक्यांची ओळ एव्हाना पाटाबाहेर गेली होती.

मग ती हात थांबवून आधीच्या आकड्यांकडे बघत बसली आणि म्हणाली, “आजी, एक सोडून एकाला तिनाने भाग जातोय.” ही गोष्ट तिला कोणी सांगितलेली नव्हती. ४, १६, ६४, २५६ यांना तिनाने भागले की बाकी १ उरते; २, ८, ३२, १२८ यांना भागले की बाकी २ उरते. १७ ची बाकी २ आहे, म्हणून ज्या स्थानाची बाकी १, ते मिळवले की बेरजेला तिनाने पूर्ण भाग जाणारच : २१, ८१, २७३. हे कळल्यावर १०२४ आणि ४०९६ ही स्थाने तिने न मोजताच ओलांडली. २०४८ मिळवून २०६५ येतात आणि त्यांना पाचाने भाग जातो. राहिला चौदावा चिंचोका, ८१९२ चा. ८२०९ ही संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला २ पासून ८९ पर्यंतच्या चोवीस मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. संध्याकाळचा दिवा लागेपर्यंत ती भागाकार करत होती. एकानेही भाग गेला नाही. १७ नंतरचे पद ८२०९ आहे.

आपण कधी तिच्या वयाच्या मुलाला चोवीस भागाकार गृहपाठ म्हणून दिले तर काय होईल ते प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. येथे ते तिने स्वतःहून केले, कारण पुढे काय येणार हे नियमाने आधीच ठरलेले होते आणि ते शोधणे मात्र तिच्या हातात होते. कोडे रचणाऱ्याच्या मनातले ओळखायचे नव्हते.

पुढची वाट आणखी विलक्षण आहे. ८२०९ वरून ८२७३, मग १०३२१. आणि तेथे चौदावा चिंचोका पुन्हा तपकिरी होऊन एकदम २१२९ वर उतरावे लागते. त्यानंतर २१३१, आणि बाराव्या चिंचोक्याने तेथून थेट ८३. म्हणजे दहा हजारांच्या पलीकडे जाऊन आलेली क्रमिका शंभराच्या आत परत येते आणि ६७, ७१, ७९ अशी, लहान असूनही राहून गेलेली पदे गोळा करते. ही क्रमिका कधी संपते की अनंतापर्यंत चालते, हे आजवर सिद्ध झालेले नाही. सहावीतल्या मुलीच्या पाटावर मांडलेला प्रश्न अजून जगात कोणाला सुटलेला नाही, हे मी तिला सांगितले तेव्हा तिने चिंचोके आवरू दिले नाहीत.

अडण्याची शक्यता खरीच आहे. १२७ ही संख्या घ्या : सात चिंचोके, सातही पांढरे. एकेक पालटत गेले तर १२६, १२५, १२३, ११९, १११, ९५ आणि ६३ मिळतात. यांतली एकही मूळ नाही. नवा चिंचोका जोडायची मुभा आहे म्हणून तेथे सुटका होते, कारण १२७ मध्ये २५६ मिळवले की ३८३ ही मूळ संख्या येते. पण याच सात वजाबाक्यांना गणिताच्या इतिहासात मान आहे. अल्फाँस द पोलिन्याक यांनी १८४९ साली असा अंदाज मांडला होता की, १ सोडून प्रत्येक विषम संख्या ही दोनाचा एखादा घात आणि एक मूळ संख्या यांची बेरीज असते. तो अंदाज १२७ वरच कोसळतो. पॉल एर्डोश यांनी १९५० साली दाखवून दिले की असा अंदाज मोडणाऱ्या विषम संख्या अनंत आहेत. फ्रेड कोहेन आणि जॉन सेल्फ्रिज यांनी १९७५ साली ९४ अंकी अशी एक संख्या दिली की, जी मूळ संख्यांच्या दोन घातांची बेरीज किंवा वजाबाकी म्हणून लिहिताच येत नाही. अशा विषम संख्येचा कोणताही अंक पालटा, डावीकडे कितीही चिंचोके जोडा, मूळ संख्या हाती लागणार नाही. आणि स्वतः मूळ असलेल्या अशा संख्याही अनंत आहेत. आमची वाट मात्र अशा संख्येवर पोचूच शकत नाही, कारण ज्या मूळ संख्येवरून ती तेथे येईल, ती एक अंक पालटून परत मिळेलच; पण एक अंक पालटून मिळणाऱ्या साऱ्या मूळ संख्या जिच्यासाठी आधीच येऊन गेलेल्या आहेत, अशा एखाद्या संख्येवर ती पोचली तर तेथेच संपेल. तशी वेळ येईल की नाही, हा प्रश्न आहे.

मी नाशिकची आहे. येथून जवळच देवळालीच्या शाळेत दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी अनेक वर्षे शिकवले आणि अंकांशी खेळत ६१७४ ही संख्या जगाला दिली. त्यांचा नियम पाहावा : चारही अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करा, आणि उत्तरावर हेच पुन्हा करा. ३५२४ घेतले तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जास्तीत जास्त सात पावलांत तेथे पोचता येते. यात कुठेही अंदाज बांधावा लागत नाही, सगळे उघड सांगितलेले आहे, आणि तरीही ६१७४ समोर आली की पाहणारा चकित होतो. ज्या जिल्ह्यात आणि ज्या भाषेत हे घडले, तेथल्या मुलांच्या पुरवणीत नियम झाकून ठेवणारी कोडी असावीत याचे मला वाईट वाटते.

म्हणून दोन विनंत्या आहेत. पहिली, ४ हे उत्तर पाठवलेल्या मुलांसाठी पुरवणीत एक छोटा खुलासा छापावा. ती मुले बरोबर होती, आणि तसे त्यांना पुरवणीकडूनच कळले पाहिजे. आजीने सांगून त्याचा उपयोग होत नाही, हे मी अनुभवाने सांगते. दुसरी, सदर बंद न करता त्याची रीत बदलावी. पदांच्या वरच नियम पूर्ण वाक्यांत द्यावा, पहिली चार-पाच पदे करून दाखवावीत, आणि पुढची पदे मुलांनी काढून पाठवावीत. जागा तितकीच लागेल. एखाद्या मुलाने नियमाचा वेगळा अर्थ लावला तर त्याचे पत्र छापावे, कारण तो बहुधा नियमातच राहिलेली फट दाखवत असतो.

सुरुवातीला चिंचोक्यांचीच क्रमिका द्यावी, असे सुचवते. वर दिलेली पदे खुशाल छापावीत. ७९ च्या पुढचे पद मी येथे मुद्दाम लिहिलेले नाही. ७९ म्हणजे १००११११, आणि त्याला सातांहून जास्त चिंचोके लागतात एवढेच सांगते. नातीने ते काढले आहे आणि तिचे उत्तर मी वेगळ्या पाकिटात सोबत जोडले आहे, म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या मुलांच्या उत्तरांशी ते ताडून पाहता येईल.

आपली,
एक निवृत्त गणितशिक्षिका,
नाशिक